खांदा बसवण्यापूर्वी

मराठीतले ‘बसवणे’ हे क्रियापद मोठे बहुगुणी आहे. आपण घरात गणपती बसवतो, गॅदरिंगला नाटक बसवतो, धंद्यात जम बसवतो, लुगड्याची घडी बसवतो, वर्गात दंगा करणाऱ्या पोरांना धाक बसवतो. आणि कोणाचा हात-पाय जागचा हलला तर हाडही बसवतो. परीक्षेत या क्रियापदाचे वाक्यांत उपयोग विचारले तर हुशार विद्यार्थ्याला एक पान पुरणार नाही. या सगळ्या उपयोगांत एक गोष्ट मात्र गृहीत धरलेली असते. जे बसवावयाचे ते काय आहे आणि त्याची जागा कोणती, हे बसवणाऱ्याला अगोदर ठाऊक असते. हाडाच्या बाबतीत नेमके हेच ठाऊक नसते. आणि हाड लहान मुलाच्या खांद्याचे असेल तर वरून पाहून ते भल्याभल्यांना कळत नाही. आज त्याविषयीच लिहावयाचे आहे.

दिवाळीच्या अंकात हाडे मोडण्याच्या गोष्टी कशाला, असे एखादी वाचक-भगिनी म्हणेल. परंतु आपल्या मुलांच्या वर्षाकडे जरा पाहा. शाळा असते तोवर ती बाकावर खिळलेली असतात. सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर टाकला की दिवाळीची सुट्टी लागते. मग किल्ल्यासाठी माती आणावयाची, आकाशकंदील टांगण्यासाठी खुर्चीवर स्टूल ठेवून वर चढावयाचे, नव्या सायकलवरून हात सोडून जावयाचे, पेरूच्या झाडाची टोकाची फांदी गाठावयाची. आणि आमच्या सांगली-साताऱ्याकडे याच सुमारास साखर कारखान्यांची धुराडी पेटतात. उसाने भरलेले ट्रॅक्टर रस्त्याने डुलत जाऊ लागतात आणि गावातली पोरे मागे धावत जाऊन ट्रॉलीतला ऊस ओढतात. या खेळात ऊस हाती येतो तसा हातही जातो.

असाच एक हात गेलेला मी पाहिला आहे.

माझी धाकटी बहीण कुंडलला दिली आहे. पलूस तालुक्यातले हे गाव. पूर्वी औंध संस्थानात होते. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० साली याच्या शेजारच्याच माळावर उभा राहिला आणि बेचाळीसच्या चळवळीतून निघालेल्या प्रतिसरकारातले जी. डी. बापू लाड हे याच गावचे. पण कुंडलचे नाव काढले की आमच्या भागातल्या माणसाला पहिल्याने आठवते ते इथले कुस्तीचे मैदान. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे मोठे पुरस्कर्ते होते. त्यांच्या संस्थानातल्या या गावाने कुस्तीचा नाद आजपर्यंत टिकवला आहे. घरातला मुलगा चालू लागला की त्याला तालमीच्या लाल मातीत एकदा तरी लोळवून आणावयाचे, असा कित्येक घरांचा रिवाज आहे.

२०२१ सालच्या भाऊबीजेला मी बहिणीकडे गेलो होतो. ओवाळणी झाली, फराळ झाला, दुपारी पुरुषमंडळी ओसरीवर आडवी झाली. चारच्या सुमारास बाहेर गलका झाला आणि दोघा-तिघा पोरांनी माझ्या भाच्याला धरून आणले. वय वर्षे अकरा. ट्रॉलीला लोंबकळला होता; ट्रॉलीने हिसका दिला आणि हा डांबरी रस्त्यावर डाव्या खांद्यावर आपटला. डावा हात उजव्या हाताने पोटाशी धरलेला, चेहरा पांढराफटक, आणि खांदा दंडाच्या बाजूने असा काही फुगलेला की पाहवेना.

बहिणीचे सासरे, ज्यांना सगळे आबा म्हणतात, ते उठून आले. त्यांनी एकदा पाहिले आणि निकाल दिला, “खांदा निखाळलाय पोराचा. वस्तादाकडं न्या. एका हिसक्यात बसवंल.”

यात नवल काहीच नव्हते. आमच्या भागात तालमीचा वस्ताद हा गावचा अर्धा हाडवैद्य असतो. आखाड्यात रोज कोणाचे मनगट लचकते, कोणाचे बोट सरकते, कोणाचा खांदा उतरतो. पिढ्यान्‌पिढ्या पाहून पाहून वस्तादाच्या बोटांना एक ज्ञान झालेले असते आणि त्या ज्ञानाने कित्येकांचे भले झाले आहे, हे मी नाकारणार नाही. दवाखाना लांब, पैसा थोडा आणि दुखणे आत्ताचे, अशा वेळी माणूस जवळच्या हाताकडेच जाणार. तेव्हा वरात निघाली. आबा पुढे, मध्ये भाचा, एका बाजूला बहीण, दुसऱ्या बाजूला मी, आणि मागे हळद घातलेल्या दुधाचा पेला घेऊन बहिणीच्या सासूबाई.

वस्ताद सत्तरीच्या पुढचे. तालमीच्या कट्ट्यावर बसले होते. त्यांनी मुलाच्या खांद्याला हात लावला नाही. आधी त्याला बोटे हलवायला सांगितली. मग मनगटावर नाडी पाहिली. मग खांद्याच्या बाहेरच्या अंगाला, जिथे आपण लस टोचून घेतो तिथे, बोटाचे टोक अलगद टेकवून विचारले, “कळतंय का रं?” पोराने मान हलवली. मग वस्तादांनी आबांना विचारले, “वय काय म्हनला?”

“अकरा.”

“मग मी ह्याला हात लावत न्हाई. मोठ्या गड्याचा खांदा निखाळतो, आबा. पोराचा मोडतो. फोटू काढल्याबिगर कुनाला वढू दिऊ नगा.”

आबा जरा चिडले. “आरं, एवढ्या जनांचं खांदं बसवलंस, आन्‌ माझ्या नातवाच्या टायमाला न्हाई म्हनतोस?”

यावर वस्ताद जे बोलले ते मी विसरणार नाही. ते म्हणाले, “माझ्या थोरल्या भावाचा हात तुम्ही बघितलाय न्हवं?”

आबा गप्प झाले. परत येताना त्यांनी मला ती हकीकत सांगितली. वस्तादांचा थोरला भाऊ आठ वर्षांचा असताना झाडावरून पडला. कोपराशी हाड मोडले होते. कोणी तरी कळकाच्या कामट्या लावून हात करकचून बांधला. पोरगा दोन रात्री रडला. बांधणाऱ्याने सांगितले, हाड धरतंय, कळ येणारच. तिसऱ्या दिवशी रडणे थांबले. घरात सगळ्यांना हायसे वाटले. कामट्या सोडल्या तेव्हा बोटे आत वळलेली होती. ती पुन्हा उघडली नाहीत. तो माणूस साठ वर्षे तसाच जगला. एका हाताने भाकरी मोडली, एका हाताने बैल बांधले. आखाड्यात मात्र तो कधी उतरला नाही. धाकटा भाऊ वस्ताद झाला.

त्या दुखण्याला वैद्यकात फोल्कमान या जर्मन शस्त्रवैद्याचे नाव आहे. १८८१ साली त्याने ते नीट वर्णन करून ठेवले. मोडलेल्या हाताला सूज येते, वर घट्ट बांधणे असते, सुजेला पसरायला जागा उरत नाही आणि आतल्या स्नायूंचे रक्त तुटते. स्नायू काही तासांतच मरू लागतात. म्हणून प्लास्टर असो की कामट्या, बांधल्यावर कळ कमी होण्याऐवजी वाढत गेली, बोटे सरळ करताना मूल किंचाळू लागले, ती गार पडली किंवा त्यांना मुंग्या आल्या, तर सकाळची वाट पाहावयाची नसते. बांधणे त्याच घटकेला सैल करून दवाखाना गाठावयाचा असतो. आणि रडणारे मूल आपोआप गप्प झाले तर ते नेहमीच बरे झाल्याचे लक्षण नसते, हे त्या घराने फार मोठ्या किमतीला शिकून घेतले होते.

वस्तादांनी आबांच्याच उपरण्याची झोळी करून भाच्याच्या गळ्यात बांधली, हात पोटाशी टेकवला, आणि वरून दुसरे फडके छातीभोवती सैलसर गुंडाळले. बस्स, एवढेच. आम्ही गाडी काढून मिरजेच्या वाटेला लागलो.

मिरज हे आमच्या भागातले दुखण्याचे पंढरपूर. १८९४ साली डॉ. वॉनलेस यांनी इथे मिशनचे रुग्णालय सुरू केले आणि १९६२ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. मौज अशी की वॉनलेससाहेबांचे रुग्णालय उघडले तेव्हा जगात कोणाही डॉक्टरला मोडलेले हाड कातडीवरून दिसत नव्हते. रंटगेनला क्ष-किरणांचा शोध लागला तो पुढच्या वर्षी, १८९५ च्या नोव्हेंबरात. त्यापूर्वी थोर थोर सर्जन आणि आमचे वस्ताद यांच्यात या एका बाबतीत फारसे अंतर नव्हते. दोघांचीही भिस्त बोटांवरच.

आम्ही गेलो त्या दवाखान्यात पहिला प्रश्न आला तो नर्सबाईंचा, “शेवटचं कधी खाल्लं?” बहिणीला हा प्रश्न चमत्कारिक वाटला. पण त्याला कारण आहे. हाड जागेवर आणण्यासाठी मुलाला भूल द्यावी लागली, तर पोट रिकामे हवे. खाल्ल्यानंतर किंवा दूध प्याल्यानंतर साधारण ६ तास थांबावे लागते. नाही तर भुलीत उलटी होऊन ती श्वासनळीत जाण्याचे भय असते. आपल्याकडे मूल पडले की पहिल्याने हळद-दुधाचा पेला पुढे येतो. त्यामागची माया खरी. पण तोच पेला उपचाराला सहा तासांचा खो घालतो. सुदैवाने भाच्याने कळांच्या भरात तो लोटून दिला होता.

डॉक्टरांनी खांद्याचे एक्स-रे वेगवेगळ्या बाजूंनी घेतले. नुसत्या समोरच्या चित्रावर भरवसा ठेवत नाहीत. कारण खांद्याचा गोळा कधी कधी मागच्या बाजूला निसटलेला असतो आणि समोरून पाहिले तर जागेवर असल्यासारखा भासतो. मग ती काळी काच उजेडावर धरून त्यांनी आम्हांला समजावून सांगितले. ते जसे मला समजले तसे सांगतो.

दंडाचे हाड वरच्या टोकाला गोल असते आणि तो गोल खांद्याच्या उथळ खोबणीत बसतो. खोबणी इतकी उथळ की गोल्फच्या चेंडूखाली ती छोटी खुंटी असते तशी. मोठ्या माणसात जोराचा हिसका बसला की गोळा खोबणीतून बाहेर येतो, हेच निखळणे. परंतु वाढत्या मुलाच्या हाडात आणखी एक गोष्ट असते. गोळा आणि दांडा यांच्यामध्ये कूर्चेचा एक पातळ थर असतो. हाडाची लांबी वाढते ती या थरातून. तो थर सांध्याच्या भोवतालच्या बंधांपेक्षा कच्चा असतो. म्हणून मोठ्या माणसात जिथे बंध हार खातात, तिथे मुलात हा थर हार खातो. सांधा शाबूत राहतो आणि हाड तुटते. डॉक्टर आमच्याच भागातले असल्यामुळे त्यांनी आबांना एका वाक्यात पटवले, “आबा, ऊस कुठं मोडतो? बुडख्याला, का वाढ्याला?”

आबांचा चेहरा एकदम उजळला. वाढे कोवळे, ऊस वाढतो तिथेच मोडायला सोपा, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

या थराच्या मोडण्याचे पाच प्रकार टोरांटोच्या सॉल्टर आणि हॅरिस या दोघा डॉक्टरांनी १९६३ साली लावून दिले आणि आजही जगभर तीच प्रतवारी चालते. भाच्याचे मोडणे दुसऱ्या प्रकारचे होते. थरातून फट गेली होती आणि दांड्याचा एक लहानसा कोपरा गोळ्याबरोबर राहिला होता. दांडा जरासा पुढे सरकून वाकडा उभा होता. तो वाकडेपणा काचेवर आम्हां अडाण्यांनाही दिसत होता.

“मग आता ऑपरेशन?” बहिणीने विचारले.

“नाही. झोळी. तीन-चार आठवडे.”

“आणि हे वाकडं?”

“तसंच राहू द्यायचं.”

आता बहिणीचा धीर सुटला. आबा तर उठून उभे राहिले. वाटेल तेवढा पैसा घ्या, पण पोराचा हात सरळ करा, असे ते म्हणू लागले. मोडलेले वाकडे दिसत असता ते तसेच ठेवावयाचे, हे कोणत्या आजोबाला पटेल? डॉक्टर मात्र शांतपणे म्हणाले, “दंडाच्या हाडाची लांबी जेवढी वाढते, त्यातली सुमारे ८० टक्के या वरच्या टोकाकडून वाढते. मुलगा अकरा वर्षांचा आहे. हे टोक अजून पाच-सहा वर्षं काम करणार. तुम्ही-मी करू त्यापेक्षा ते स्वतःला चांगलं सरळ करील. मी आज त्यात हात घातला, तर त्याच्या कामात मोडता घालीन.”

मुलांच्या हाडाचा हा चमत्कारच आहे. त्यावरचे वेष्टण जाड असते, ते पुष्कळदा एका बाजूने अखंड राहते आणि तुटलेल्या टोकांना धरून ठेवते. रक्तपुरवठा मुबलक. आणि मुख्य म्हणजे वाढ. वाढता वाढता हाड फुगीर भाग झिजवते, खोलगट भाग भरते आणि मूळच्या आकाराकडे येते. वय जितके कमी तितकी ही किमया मोठी. दहा वर्षांच्या आतल्या मुलात बराच वाकडेपणा चालतो. पण वाढ संपत आलेल्या मुलात तो तसा सोडून चालत नाही. वरच्या टोकाचा थर मुलींत साधारण १४ ते १७ आणि मुलांत १६ ते १८ या वयात मिटतो. तेव्हा पंधरा वर्षांच्या मुलाला जर भूल देऊन हाड जुळवले आणि बारीक तारा घातल्या, तर शेजारच्या आठ वर्षांच्या पोराला नुसती झोळी का दिली होती, असे विचारू नये. दोन्ही डॉक्टर बरोबर असतात.

घरी आल्यावर मला उगाच वाटले की ही सगळी पश्चिमेकडची विद्या. म्हणून सुश्रुतसंहिता उघडली, आणि मी थक्क झालो. सुश्रुतांनी हाडाच्या दुखापतीचे पहिलेच दोन भाग पाडले आहेत : संधिमुक्त आणि कांडभग्न. सांधा सुटणे वेगळे, हाड मोडणे वेगळे. पहिल्याचे ६ प्रकार, दुसऱ्याचे १२. खांद्याचा सांधा सुटला तर काखेत मुसळ घालून वर उचलावे आणि मग स्वस्तिकाच्या आकाराची पट्टी बांधावी, असे त्यांनी सांगितले आहे. ग्रीसच्या हिपोक्रातिसाच्या परंपरेत काखेत टाच रोवून हात ओढत आणि स्वित्झर्लंडच्या कोखरने १८७० साली हात विशिष्ट क्रमाने फिरवून तो बसवण्याची रीत प्रसिद्ध केली. म्हणजे खांदा बसवण्याची विद्या जुनी, आणि ती साऱ्या जगाची.

पण त्याहून मोलाच्या गोष्टी पुढे आहेत. पट्टी सैल बांधली तर सांधा स्थिर होत नाही आणि फार घट्ट बांधली तर सूज, वेदना आणि पाक होतो, असा इशारा सुश्रुतांनी स्पष्ट दिला आहे. वस्तादांच्या भावाला ज्याने बांधले, त्याच्या कानांवर आपल्याच देशातले हे वाक्य पोचले नव्हते. कोवळ्या हाडांना ते तरुणास्थि म्हणतात आणि ती मोडण्यापेक्षा वाकतात असे सांगतात. आणि बालवयात मोडलेले महिन्यात स्थिर होते, मध्यम वयात त्याच्या दुपटीने वेळ लागतो आणि उतारवयात तिपटीने, असा हिशेबही ते देतात. मिरजेच्या डॉक्टरांनी भाच्याला दिलेली मुदत याहून फारशी निराळी नव्हती.

आता या विषयातली सर्वांत अवघड गोष्ट. एवढा वेळ मी ‘मुलाचा खांदा निखळत नाही, मोडतो’ असे म्हटले. तो बहुतांशी खरा नियम आहे. पण क्वचित दोन्ही एकदम होते. हाड मानेपाशी तुटते आणि तुटलेला गोळा खोबणीतूनही बाहेर पडतो. मुलांत ही दुखापत इतकी विरळा की वैद्यकीय नियतकालिकांत ती एकेका रुग्णाची हकीकत म्हणून छापून येते. उंचावरून पडणे, वाहनाची धडक, अशा मोठ्या आघातात ती होते. बाहेरून पाहाल तर भाच्याचा खांदा आणि हा खांदा यांत फरक सांगता येणार नाही. परंतु इथे हिसका देणारा हात काय करील याचा विचार करा. तो दांडा ओढील. आणि दांडा व गोळा यांचा संबंधच तुटलेला असल्यामुळे गोळा जागेवर येणार नाही. दांड्याचे तुटलेले टोक मात्र काखेत घुसेल. काखेत हाताची मोठी रक्तवाहिनी आहे, हाताच्या साऱ्या नसा तिथून जातात.

म्हणून अशा खांद्याचा उपचार शस्त्रक्रियेच्या दालनातच होतो. मुलाला पूर्ण भूल देतात, म्हणजे स्नायू सैल पडतात. समोर एक्स-रेचा पडदा असतो. त्यावर पाहत पाहत डॉक्टर हलक्या हाताने आधी गोळा खोबणीत आणतात, मग दांडा त्याच्याखाली जुळवतात. कधी कधी हाडाचे वेष्टण किंवा बेटकुळीच्या स्नायूची दोरी फटीत अडकून बसते आणि काही केल्या जुळत नाही. मग छेद घेऊन ती सोडवावी लागते. जुळलेले हाड धरून ठेवण्यासाठी गुळगुळीत बारीक तारा घालतात आणि त्या बहुधा तीन-चार आठवड्यांनी काढतात. पुढेही काही काळ लक्ष ठेवावे लागते. गोळ्याचा रक्तपुरवठा टिकला आहे ना, आणि वाढीचा थर नीट काम करतो आहे ना, हे पाहण्यासाठी वर्ष-दोन वर्षे अधूनमधून एक्स-रे काढतात. खांद्याच्या बाहेरच्या अंगाची जाणीव आणि हात बाजूला उचलण्याची ताकद तपासतात, कारण खांद्याला वळसा घालून जाणारी एक नस अशा आघातात दबते. वस्तादांनी बोट टेकवून जे पाहिले होते, तीच ही तपासणी.

आणखी दोन अपवाद सांगून ठेवतो. अगदी क्षुल्लक कारणाने, म्हणजे चेंडू फेकताना किंवा खेळात साधा धक्का लागून, मुलाचा दंड वरच्या बाजूला मोडला, तर आत पाण्याची पोकळी असू शकते. असल्या पोकळ्यांची ही आवडती जागा आहे. एक्स-रेत ती दिसते आणि तिच्यावर इलाज आहे. दुसरे, अवघड बाळंतपणात जन्मलेले मूल एक हात हलवत नसेल, तर एक्स-रेत खांदा निखळल्यासारखा भासू शकतो. कारण तान्ह्या बाळाचा गोळा अजून कूर्चेचाच असतो आणि क्ष-किरणांना तो दिसत नाही. तिथे सोनोग्राफीने खरे कळते. याउलट सोळा-सतरा वर्षांच्या कबड्डी खेळणाऱ्या मुलाचा खांदा मोठ्या माणसासारखा खरोखरच निखळतो, आणि या वयात एकदा निखळलेला खांदा पुन्हा पुन्हा निखळण्याची खोड धरतो. त्यालाही मैदानात ओढून लगेच खेळायला पाठवू नये.

भाच्याचे पुढे काय झाले ते थोडक्यात. पहिला आठवडा कठीण गेला. आडवे निजले की कळ येई, म्हणून पाठीशी उशा रचून त्याला अर्धवट बसवून झोपवत. चौथ्या आठवड्यात झोळी सुटली. मग ओणवे होऊन हात घड्याळाच्या लंबकासारखा हलवण्याचा व्यायाम. त्या काळात आबांनी दोन गोष्टी मोठ्या निग्रहाने केल्या. शेजारचे कोणी गरम तेलाने चोळून देतो म्हणाले, त्यांना दारातून परत पाठवले. ताज्या दुखापतीवरचे चोळणे घातक, कधी कधी स्नायूतच हाड धरते, हे त्यांनी डॉक्टरांकडून ऐकले होते. आणि ‘आता जरा हात वर करून दाखव’ असे पोराला रोज म्हणण्याचा मोह आवरला. २०२३ च्या दिवाळीत डॉक्टरांनी पुन्हा एक्स-रे काढला, तेव्हा मोड कुठे होता हे आबांना बोटाने दाखवता येईना. त्याचे त्यांना जरासे वाईटच वाटले असावे.

आता सुट्टीतल्या आईबापांसाठी चार कामाच्या गोष्टी. मूल खांद्यावर आपटले, हात धरून बसले, खांद्याचा आकार बदलला, तर तो हात ज्या स्थितीत त्याला बरा वाटतो त्याच स्थितीत ठेवावा. ओढू नये, फिरवू नये, चोळू नये. ओढणी, उपरणे, पंचा, जे हाताशी असेल त्याची झोळी करावी आणि वरून एक सैल फडके छातीभोवती घ्यावे. बांगडी, अंगठी, कडे, मनगटावरचा घट्ट दोरा लगेच काढून ठेवावा. सूज आल्यावर ते निघत नाहीत. बर्फ कापडात गुंडाळून थोडा वेळ लावावा. खायला-प्यायला देऊ नये. बोटे गुलाबी आणि उबदार आहेत का, हलतात का, स्पर्श कळतो का, हे पाहावे. ती पांढरी, निळी किंवा बधिर झाली, हाड कातडीतून बाहेर आले, किंवा मूल उंचावरून पडून गुंगीत जाऊ लागले, तर क्षणाचाही उशीर न करता १०८ वर फोन करावा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका २०१४ पासून धावते आहे. आणि एक्स-रे काढल्याशिवाय कोणाच्याही हाती, तो कितीही नामांकित असो, मुलाचा हात ओढायला देऊ नये.

मला मात्र या सगळ्यात वस्तादांची ती नकारघंटा सर्वांत मोठी वाटते. ज्याच्या हाताला गावाने मान दिला, त्याने चारचौघांत तो हात आखडता घेणे सोपे नसते. येत असलेली विद्या कधी वापरावयाची नाही, हेही विद्येतच मोडते, आणि ते आम्हां शिकवणाऱ्यांना सहसा येत नाही. मूल जरा वाकडे दिसले की ओढून सरळ करण्याची घाई घरोघर आणि वर्गोवर्गी चाललेली असते. पण तो विषय पुन्हा केव्हा तरी, एखाद्या साध्या अंकात.

तूर्त मुलांना किल्ले बांधू द्या, झाडावर चढू द्या, तालमीतही पाठवा. उसाच्या ट्रॉलीपासून तेवढी दूर ठेवा. ऊस हवा असेल तर मामा आणून देईल. आपणां सर्वांना ही दिवाळी सुखाची जावो.